आमच्या घरात कट्यार नाही

ब्राह्मणपारा, रायपूर
गुरुवार, १३ ऑक्टोबर २००५

सकाळी फोन केला तर पद्मजा म्हणते, ड्यूटीवर गेले. दुपारी केला तर ड्यूटीवर. संध्याकाळी केला तरी ड्यूटीवरच. रेल्वेनं तुम्हाले इंजिनाले बांधून ठेवलं काय, नरहरीभाऊजी? मागून तुमचा खोकला ऐकू आला मले. तो खोकला मी नागपूरहून काय, काशीहून बी ओळखीन. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होते अन् ओवा भाजून तुमची छाती मीच शेकत होती. आठ वर्षं झाली, तुम्ही माझ्या घरचं पाणी पीत नाही. नका पिऊ. पण फोनवर तर या. बोलणं माझ्यासाठी नाही, तुमच्याच पोरासाठी आहे.

शेवटी बूथवाली पूर्णिमा म्हणाली, "काकू, अब चिट्ठी ही लिख दो, मेरा फोन घिस जाएगा." म्हणून लिहून राहिली. चौथी पास बाईचं अक्षर आहे, लागेल तसं लावून वाचा. त्यातून बोटाले पट्टी आहे. विळीनं कापलं.

तुमचा शेखर ठीक नाही. दोन वर्षांपूर्वी तुमच्याशी भांडून इथं आला, मी ठेवून घेतला. तुमचं नाक कापायले ठेवून घेतला, असं तुम्ही सगळ्या नातेवाईकांत सांगतलं. खरंच आहे ते, मी नाही म्हणत नाही. पण दोन वर्षं जेवू बी घातलं. पंडरीच्या कपडा बाजारात एका ठोक दुकानात लागला आहे. बीरगांवच्या दुकानांत कापडाचे नमुने दाखवायले जाते. श्रावणात तिथं तीन पोट्ट्यांनी त्याच्या गळ्याले चाकू लावला. मोबाईल घेतला, घड्याळ घेतलं, वरून जाताना एक थापड मारली. तुम्हाले सांगतलं नसेल. मले बी चार दिवसांनी सांगतलं. तेव्हापासून हा पोट्टा दाराकडे पाठ करून बसत नाही. जेवताना भिंतीले टेकून बसते अन् कढईत पळी वाजली तरी दचकते.

त्याचं एकट्याचं काय सांगू, सगळा पाराच, सगळी वस्तीच अशी झाली आहे. रायपूर राजधानी होऊन येत्या एक तारखेले पाच वर्षं होतील. पहिले इथं सायकल चोरीले गेली तर पंधरा दिवस तीच गोष्ट चाले. आता पेपर उघडला की चाकू. गाडी घासली म्हणून चाकू, बिडी दिली नाही म्हणून चाकू. बाया मंगळसूत्र ब्लाउजच्या आत टाकून भाजीले जातात. अन् परवाच्या रविवारी तर आमच्या गल्लीतच झालं. चक्कीवाला नीलकंठ तुम्हाले आठवत असेल, तोंडात कायम पान, बोलायचं तर "हूं हूं" करते. दिवेलागणीले लाइट गेली. राजधानीत लाइट जात नाही म्हणून सांगतात, पण गेली. अन् त्या अंधारात कोणीतरी त्याच्या पोटात चाकू घातला. पोलीस आले तेव्हा गल्लीभर पीठ सांडलेलं. तो सरकारी दवाखान्यात पडला आहे, शुद्ध नाही.

सोमवारी देवळात सभा झाली. मास्तर म्हणाले, समिती बनवू. वकील म्हणाले, घरोघरी शिट्टी देऊ. मी उठली अन् म्हटलं, शिट्टी फुंकून काय सासऱ्यांना उठवायचं आहे? सरळ बोला ना. बीरगांवच्या कारखान्यांतली माणसं इकडे कशाले फिरतात ते विचारा. तो बिसाहू कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी धार लावायचं चाक घेऊन याच गल्लीत येते. कोणाचं दार केव्हा उघडं, घरात गडीमाणूस केव्हा नसते, सगळं त्याले माहीत. शिवाय जवळ पाती असतात. सभेत आलेल्या पोलिसांनी माझं नाव लिहून घेतलं. परवाच्या दिवशी त्याले उचलला.

मंगळवारी खांडेनवमी केली. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही तेराव्याच्या पंगतीत उठून म्हटलं होतं, यशवंतदादा नाही, घरात गडी नाही, विधवा बाईच्या हातून शस्त्रपूजा होत नसते, भोसल्यांच्या वेळची कट्यार माझ्याकडे द्या. मी दिली नाही. तिथून आपलं पाणी तुटलं. तर ऐका. दोन वर्षं झाली, पूजा तुमचाच पोरगा करते. कट्यारीच्या पेटीची किल्ली बी त्याच्याच जवळ असते. माझं काम घासूनपुसून द्यायचं, बस. आता बोला. यंदा म्यानातून निघता निघेना. पावसाळ्याचा गंज असेल, चिंच लावली तर पाणी लाल झालं. राखेनं घासून लख्ख केली.

उपासाले शिंगाड्याचं पीठ मात्र मिळालं नाही. रविवारी शेखरले चक्कीवर पाठवलं तर म्हणे चक्की बंद होती.

पोराले चार दिवस घेऊन जा नाहीतर येऊन भेटा. पत्र त्याच्याच हाती पोस्टात टाकायले देते.

मंदाकिनी


बुधवार, १९ ऑक्टोबर

पहिलं पत्र तुम्हाले मिळालंच नाही. आज शेखरची पँट भिजवायले घेतली तर खिशात. फोडलेलं अन् परत गोंद लावून चिकटवलेलं. सोबत पाठवून राहिली. ते अगोदर वाचा, मग हे वाचा. हे मी स्वतः पोस्टात जाऊन टाकीन.

त्या पत्रात एक खोटं आहे. बोट विळीनं नाही कापलं. कट्यारीनं कापलं.

तुम्ही लहानपणी त्या कट्यारीनं पेरू कापायले गेले होते, आठवते? पेरूचा चेंदा झाला अन् सासऱ्यांनी तुम्हाले झोडपलं. ती कापत नाही. कोणाच्याच हयातीत तिले धार नव्हती. पूजेच्या हत्याराले धार लावत नसतात, हे या घरात लहान लेकराले बी माहीत. यंदा पुसायले घेतली तर फडकं कापून बोट कापलं. हाड दिसलं मले. मी बाई अशी येडी, म्हटलं देवीनं रक्त मागितलं. बोट बांधलं, तिले हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. ते लाल पाणी मोरीत ओतलं अन् वरून दोन बादल्या पाणी टाकलं. मोरी घाण दिसू नये म्हणून.

परवा कोजागिरीले पाऱ्याचं मसाला दूध होतं. मले मास्तरांनी खुर्चीवर बसवलं. म्हणाले, मंदाकिनीताईंच्या सावधपणामुळे आरोपी सापडला, आता आपल्या पोरीबाळी बिनघोर फिरतील. टाळ्या वाजवल्या. नीलकंठची बायको तिथं आली होती, पाच मिनिटांसाठी, दवाखान्यात न्यायले दूध मागायले. मी म्हटलं, बाई, त्या दिवशी चक्की बंद ठेवली होती तर नीलकंठ गल्लीत कशाले गेला? ती म्हणाली, बंद कुठं होती काकू, उघडीच होती. शेवटचं दळण तुमचंच होतं, शिंगाड्याचं. शेखरभैया पिशवी विसरून गेले, म्हणून हे पिशवी घेऊन मागं धावले.

ते दूध माझ्या हातात तसंच राहिलं.

घरी आली. शेखर चहा पिऊन राहिला होता. मी त्याच्या समोर बसली.

"कट्यारीले धार कोणी लावली?"

"किसने बोला?"

"माझ्या बोटानं."

त्यानं कप खाली ठेवला. "वो धारवाला आया था न, नवरात्री के पहले. उसी से लगवा ली."

"कोणाले विचारून?"

यावर तो जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. कामाचं नाही ते.

मग सगळं सांगतलं त्यानं. रडला नाही. श्रावणापासून ती कट्यार सदऱ्याच्या आत घेऊन फिरत होता. पंडरीले, बीरगांवले, पार चक्कीवर बी. लाइट गेली, मागून कोणी धावत आलं अन् खांद्यावर हात ठेवला. "आवाज़ भी नहीं दी उसने, बड़ी मम्मी. मैंने समझा वही लोग हैं." आवाज कुठून देईल? तोंडात पान होतं ना त्याच्या. कट्यार घातल्यावर त्याले पिठाचा वास आला, तेव्हा कळलं म्हणते. मग धावत घरी आला, म्यानात टाकली, पेटीत ठेवली, अन् मले म्हणाला, चक्की बंद आहे. मी म्हटलं, जाऊ दे, साबुदाणा खा.

नीलकंठ अजून शुद्धीवर नाही. तो उठला तर स्वतःच सांगेल, अन् मले काही बोलायची गरज पडणार नाही. रोज देवीले म्हणते, उठव त्याले. त्यात त्याचं भलं किती पाहते अन् माझी सुटका किती, ते देवीनंच पाहावं.

बिसाहू आत आहे. माझ्या बोलण्यावरून आत आहे. अन् खरं हत्यार मी चिंचेनं घासून ठेवलं आहे. आता तरी या. आठ वर्षांचं भांडण मागून करू, मी कुठं पळून जात नाही.

मंदाकिनी


मंगळवार, २५ ऑक्टोबर

तुमचा निरोप मिळाला. पूर्णिमा मले बोलवायले धावत आली, "काकू, नागपुर से फोन." मले वाटलं तुम्ही. पायात चप्पल नाही घातली मी.

पद्मजा होती. म्हणाली, "वहिनी, पत्र वाचून जाळून टाकलं आम्ही. पोराले गाडीत बसवून द्या. बाकी कोणाले एक शब्द बोलू नका."

मी म्हटलं, "अन् बिसाहू?"

ती म्हणाली, "कोण बिसाहू?"

मी म्हटलं, "फोन नरहरीभाऊजींना दे." तर म्हणे ड्यूटीवर गेले. या वेळी खोकला बी ऐकू आला नाही. तोंडावर हात धरून बसले होते काय?

नीलकंठ शुक्रवारी गेला. आता तो काही सांगणार नाही. पाऱ्यातली सगळी दुकानं बंद होती. मोर्चा निघाला, फाशी द्या म्हणून बोंबलत होते. शेखर बी गेला होता मोर्च्यात. मी खिडकीतून पाहिलं. दोन नंबरच्या रांगेत होता, अन् मागं वळून वळून पाहत होता.

रविवारी दुपारी बिसाहूची बायको आली. लहानशी आहे, काळीसावळी, पायात काही नाही. बीरगांवहून पायी आली होती. पाऱ्यातल्या कोणी दार उघडलं नसेल, माझं उघडं होतं. दारातच उभी राहिली. म्हणाली, "दाई, मोर आदमी कहिथे, ए घर के कटार म मैं धार करे रेहेंव. पुलिस ओकर बात नइ मानत हे. तैं बता दे न." म्हणजे तो पोलिसांना सांगून राहिला आहे, ब्राह्मणपाऱ्यातल्या एका घरच्या कट्यारीले मी धार लावली, जाऊन विचारा. अन् त्याचं कोणी ऐकत नाही, कारण ज्या बाईचं ते घर, तिनंच तर त्याचं नाव सांगतलं.

मग तिनं विचारलं, "हे का दाई, तुंहर घर म कटार?"

शेखर आत होता.

मी म्हटलं, "आमच्या घरात कट्यार नाही."

भाऊजी, जिच्यासाठी मी तेराव्याच्या पंगतीत तुमच्याशी भांडली, जिच्यासाठी तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाले बोलावणं आलं नाही, पद्मजा लग्नकार्यात भेटली तर तोंड फिरवते, तिलेच मी म्हटलं, नाही. ती बाई "हव दाई", बरं आई, एवढंच म्हणाली अन् गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मले उलटून बोलता आलं असतं.

आता ते लिहिते जे मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. मी शेखरले विचारलं ना, कोणाले विचारून धार लावली? तर तो म्हणाला, "आप ही ने तो बोला था."

खरं आहे. मीच म्हटलं होतं. श्रावणात लुटून आला तेव्हा. गालावर बोटं उमटली होती त्याच्या, अन् मले राग आला. मी म्हटलं, भोसल्यांच्या शिलेदाराचं रक्त म्हणवता अन् तीन पोट्ट्यांच्या हातची थापड खाऊन येता. घरात हत्यार काय नुसतं आरती ओवाळायले ठेवलं आहे? तुझा बाप असाच भित्रा होता, म्हणूनच कट्यारीसाठी नुसतं भांडला, कमरेले कधी लावली नाही. असं म्हटलं मी. किल्ली त्याच्या जवळच होती. ती बी मीच दिलेली, तुम्हाले खाली दाखवायले, की पाहा, माझ्या घरात पूजेले गडी आहे, अन् तो तुमचाच आहे. म्हणून पोलिसांकडे जायले चप्पल घालते अन् परत काढून ठेवते. तिथं एकट्या शेखरचं नाव सांगून भागणार नाही.

पण बसून बी राहता येत नाही. शेखर बदलला आहे. नीलकंठ गेल्यापासून जेवायले लागला. मले भाजी आणून देते. काल तर म्हणाला, "टेंशन मत लो बड़ी मम्मी, वो अंदर है न. अब कौन पूछेगा?" हसून म्हणाला. त्यानं खाट उचलून देवघराच्या दाराशी टाकली आहे. दिवा लावायले जायचं तर त्याले ओलांडून जावं लागते. किल्ली कमरेच्या करगोट्याले बांधली आहे. मी म्हटलं, दिवाळीपूर्वी पेटी पुसून घेते, दे किल्ली. म्हणाला, "क्या देखना है उसमें?" चाळीस वर्षं या घरात कोणाले उत्तर दिल्याशिवाय राहिली नाही मी, अन् त्याच्यापुढं गप्प बसली.

आज सकाळी तो पंडरीले गेल्यावर मी पेटी उचलून पाहिली. कुलूप लागलेलं आहे. पेटी हलकी आहे. हलवली तर आत काही वाजलं नाही.

समजलं ना? तो ती परत घेऊन फिरून राहिला. दिवाळीचा बाजार आहे, पंडरीत पाय ठेवायले जागा नाही. माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवूनच पुढं सरकतात. एखादी बाई लेकराले सावरता सावरता याच्या पाठीले लागेल. एखादा हमाल मागून हात लावेल. संध्याकाळी सायकलची घंटी वाजली की दाराशी जाते अन् त्याच्या सदऱ्याकडे पाहते. मग ताट वाढते. जेवताना तो भिंतीले टेकून बसते, मी समोर बसते. दोघं बी एकमेकांच्या हातांकडे पाहतो.

गाडीत बसवून देणार नाही मी त्याले. पद्मजाले सांगा. नागपूरले बी अंधारात माणसं मागून येतात.

तुम्ही या. माझ्यानं त्याच्या कमरेची किल्ली घेणं होत नाही, ती कट्यार घेणं तर नाहीच. तुमचं ऐकेल की नाही मले माहीत नाही. दोन वर्षांत तुमचं नाव त्यानं एकदाच घेतलं. त्या दिवशी, सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "पापा को मत बताना." म्हणजे अजून तुमची लाज आहे त्याले. तेवढी पुरे. त्याले सोबत घेऊन ठाण्यात चला. स्वतःच्या पायानं गेला, काय झालं ते स्वतः बोलला, अंधार होता, भ्याला होता, तर वकील म्हणतात फरक पडते. मी दुसऱ्याच कोणाचं नाव काढून विचारलं वकिलाले. मी बी येईन. धार कोणी लावली, कोणाच्या बोलण्यानं लावली, लाल पाणी मोरीत कोणी ओतलं, बिसाहूचं नाव कोणी घेतलं, ते माझं मी सांगीन. त्यातलं एक अक्षर तुमच्या पोरावर टाकणार नाही.

पाणी माझ्या घरचं नका पिऊ. सोबत बाटली आणा.

शनिवार, एकोणतीस तारखेपर्यंत थांबते. त्याच्या पुढं एक दिवस नाही. सोमवारी बिसाहूले कोर्टात उभा करणार आहेत अन् मंगळवारी लक्ष्मीपूजन आहे. तुम्ही आले नाही तर रविवारी सकाळी मी पायी बीरगांवले जाईन, त्या बाईले घेईन अन् तिच्यासोबत ठाण्यात जाईन. मग पोलीस तुमच्या पोराले भर बाजारात मागून धरतील, अन् तेव्हा त्याचा हात कुठं जाईल ते तुम्ही विचार करा. मी रोज करते.

येता की नाही, तेवढंच सांगा. शनिवारी पाच वाजल्यापासून मी पूर्णिमाच्या बूथवर बसून राहीन. ती आठले शटर ओढते. फोन पद्मजानं करायचा नाही. तुम्ही करा.

मंदाकिनी